उरावर कोण बसतं?

भुतं रात्री बारानंतर येतात असं लहानपणापासून ऐकलेलं, माझं आलं ते सकाळी सव्वादहाला. थर्ड शिफ्ट संपवून चाकणहून रूमवर आलो होतो, खाली गाड्यावर पोहे खाल्ले, आंघोळ केली, मोबाईल बघत बघत दहा कधी वाजले कळलंच नाही, मग खिडकीला चादर अडकवली आणि आडवा झालो. बाहेर भंगारवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालू, चादरीच्या कडेने उन्हाची एक पट्टी भिंतीवर पडलेली. भुताने यायला याच्यापेक्षा वाईट टाइम शोधून सापडणार नाही.

डोळा लागला न लागला तोच जाग आली. पंखा दिसतोय, उन्हाची पट्टी दिसतेय, भंगारवाला ऐकू येतोय, सगळं जागच्या जागी. कूस बदलायला गेलो तर अंग हललंच नाही. हात उचलायला गेलो, हात नाही उचलला. मुंग्या आलेल्या हातासारखं पण नाही ते, मुंग्यांमध्ये निदान काहीतरी जाणवतं, इथे मी ऑर्डर देतोय आणि खालपर्यंत पोचतच नाहीये. मग कानात घुंऽऽ असा आवाज सुरू झाला, डीपीजवळ उभं राहिल्यावर येतो ना तसा, आणि वाढत गेला. आणि मग खोलीत कुणीतरी आलं.

आता हे कसं सांगायचं ते मला दोन वर्षं झाली तरी नीट जमलेलं नाही. दिसलं नंतर, आधी कळलं. लायनीत उभं असताना मागे कुणी येऊन चिकटून उभं राहिलं की न वळता कळतं तसं, फक्त त्याच्या शंभरपट, आणि त्याचा हेतू वाईट आहे हे पण कळलेलं. मग कपाटाच्या बाजूला काळं काहीतरी, माणसाएवढं, तोंड नाही. ते पुढे आलं आणि छातीवर वजन पडलं. श्वास ओढतोय तर ओढला जात नाही. अजून जोर लावला, अजूनच नाही. पार्टनर शेजारच्या गादीवर मोबाईल बघत बसलेला, त्याला हाक मारतोय, घशातून आवाज नाही. मला खरंच वाटलं की संपलं, आता गावाला फोन जाणार, आणि आई काय करेल वगैरे. एवढा सगळा विचार करायला वेळ मिळाला त्या अवस्थेत, हे पण विचित्रच.

मग एकदम सुटलं. स्प्रिंग सुटल्यासारखा उठून बसलो, घामाने बनियन ओली. पार्टनरला म्हटलं, अरे बघत काय बसलास, हाका मारतोय अर्धा तास. तो म्हणाला कुठला अर्धा तास, आता तर झोपलास, एकच रील बघून झाली माझी, तू फक्त जरा हुं हुं करत होतास, मला वाटलं घोरतोयस. म्हणजे माझा अर्धा तास बाहेरच्या जगात जास्तीत जास्त दोनेक मिनिटांचा.

गावाला फोन केला तर आजीने अर्धं ऐकूनच निकाल दिला. "मुंजा बसला आसंल उरावर. उताना झोपलावतास न्हवं?" मी म्हटलं हो. "मग! कितींदा सांगितलंय उताना झोपू नगंस म्हणून. कुशीवर झोपावं मान्सानं." आमच्या पाटण तालुक्यात, गावाबाहेर ओढ्याला पिंपळ आहे, त्यावर मुंजा असतो असं सगळ्यांना माहीत, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा. पण तो मुंजा पाटणवरून चाकणला कशाला येईल, त्याला काय इथे जॉब लागलाय का. आजीला हे विचारलं तर म्हणाली, "त्यास्नी एष्टी लागतीय व्हय?" यावर काय बोलणार. पुढच्या वेळी गावाला गेलो तर येताना बॅगेत लोखंडी अडकित्ता टाकून दिला, उशाखाली ठेवायला. लोखंड असलं की जवळ येत नाही म्हणे.

मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे की आपण मराठीत हे रोज बोलतो. सुपरवायझर उरावर बसलाय, हप्ते उरावर बसलेत, पाहुणे उरावर येऊन बसले. कुणाच्या तरी छातीवर कुणीतरी खरोखर येऊन बसल्याचा अनुभव इतका नेहमीचा असणार की भाषेत तसाच उतरला, असं आपलं मला वाटतं, व्युत्पत्तीवाले काय ते सांगतील.

महिन्याभरात अजून तीनदा झालं, तिन्ही वेळा थर्ड शिफ्टच्या आठवड्यात. मग एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, घोरतोस का विचारलं, दिवसा काम करता करता अचानक झोप लागते का विचारलं, आणि एक भलताच प्रश्न, जोरात हसताना गुडघ्यातलं त्राण जाऊन खाली बसायला होतं का. मी म्हटलं नाही. मग म्हणाले याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, घाबरायचं काही नाही. आता ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितली ही माझी चूक. आईने फक्त "पॅरालिसिस" एवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत मामा, मावशी, कऱ्हाडची आत्या सगळ्यांचे फोन, पोराला लकवा मारला म्हणून, एकाने तर लकव्याचं तेल देणाऱ्या माणसाचा नंबर पण पाठवला. म्हणून आधीच सांगतो, लकव्याशी याचा संबंध नाही. लकवा म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडकतो किंवा रक्तस्राव होतो आणि नुकसान होतं. इथे काहीच बिघडलेलं नसतं. एक अगदी चांगली चालणारी सिस्टीम फक्त चुकीच्या वेळी चालू राहते.

ती सिस्टीम मला समजली तेव्हा खरं सांगायचं तर मी जरा थक्कच झालो. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत मधूनमधून डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात आणि तेव्हा उठवलं तर माणूस बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. यालाच रेम झोप म्हणतात. या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणीइतका चालू असतो, पण शरीराचे स्नायू पूर्ण ढिले. मेंदूच्या खोडातून, म्हणजे मानेच्या वरचा जो भाग, तिथून पाठीच्या कण्यापर्यंत सिग्नल जातो आणि स्नायू हलवणाऱ्या पेशी ग्लायसिन आणि गाबा नावाच्या रसायनांनी गप्प केल्या जातात. कारण उघड आहे, स्वप्नात तुम्ही पळताय आणि खरोखर पळायला लागलात तर गॅलरीतून खाली. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे नावाच्या शास्त्रज्ञाने मांजरांच्या मेंदूतला हा ब्रेकचा भाग निकामी केला, तर ती मांजरं झोपेतच उठून समोर नसलेल्या शिकारीवर झडप घालायला लागली. माणसात पण असं होतं, ब्रेक लागतच नाही, झोपेत लाथा-बुक्क्या मारतात, शेजारी झोपलेल्याला लागतं. (घरात कुणी वयस्कर माणूस हे नव्याने करायला लागला असेल तर हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरला दाखवा, काही जणांत ती पार्किन्सन्सची बरीच आधीची खूण असते.)

माझं त्याच्या उलट. ब्रेक लागलेला आणि ड्रायव्हर जागा झालेला. आणि स्वप्न दाखवणारा प्रोजेक्टर पण अजून बंद झालेला नाही, म्हणून खरी खोली आणि स्वप्नातला माणूस एकाच वेळी दिसतात. पंखा खरा होता, उन्हाची पट्टी खरी होती, कपाटाजवळचा तो नव्हता. हेच तर फसवतं ना. नुसतं स्वप्न असतं तर उठल्यावर स्वप्न म्हणून सोडून दिलं असतं, पण तिथे भंगारवाला ओरडत होता हो.

बरं, थर्ड शिफ्टलाच का? रात्री दहा-अकराला झोपणाऱ्या माणसाला आधी गाढ झोप लागते, रेमचा पहिला तुकडा साधारण दीड तासाने येतो आणि तोही छोटा, मग पहाटेकडे ते तुकडे लांबत जातात. शरीराच्या घड्याळाप्रमाणे रेमची वेळच मुळी पहाट आणि सकाळ. आता मी रात्रभर जागून बरोबर त्याच वेळी आडवा होतोय, वर झोपेची थकबाकी, म्हणजे मेंदू गाढ झोपेची लाइन सोडून डायरेक्ट रेममध्ये घुसायला बसलेलाच. अजून पूर्ण झोपलो पण नाही तोवर ब्रेक लागतो. आमच्याकडे शिफ्ट दर आठवड्याला बदलते, एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड, शरीराला थर्डची सवय होते न होते तोवर फर्स्ट. प्रॉडक्शनचं प्लॅनिंग करणाऱ्यांना हे सांगून बघितलं, ते म्हणाले सगळेच करतात. सगळेच करतात हे खरं आहे, आणि कँटीनमध्ये विषय काढला तर आमच्या लाइनवरच्या आठ जणांपैकी तिघांना हे होऊन गेलेलं निघालं, पण एकही जण कधी कुणाला बोललेला नव्हता. एकाने तर रूम बदललेली. त्याला वाटलेलं रूममध्येच काहीतरी आहे.

तसं हे फार दुर्मीळ नाहीच. २०११ मध्ये ३५ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे, सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं असतं आणि विद्यार्थ्यांमध्ये २८.३ टक्के. विद्यार्थ्यांमध्ये एवढं का ते होस्टेलला राहिलेल्याला सांगायला नको, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं आणि पेपर झाला की दुपारी आडवं व्हायचं.

आता छातीवरचं वजन. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटायची, त्या काळ्या माणसाची पण एवढी नाही. रेममध्ये बरगड्यांमधले स्नायू पण ढिले पडलेले असतात, श्वास चालतो तो फक्त पोटावरच्या पडद्याने, डायफ्रामने, त्याला मात्र ब्रेक लागत नाही, डोळ्यांनाही लागत नाही. म्हणजे श्वास चालूच असतो, फक्त उथळ, आणि त्याचा तो चालतो, आपल्या हुकमावर नाही. आपण काय करतो, घाबरून जोरात श्वास ओढायला जातो. छातीचे स्नायू ऐकत नाहीत. छाती फुगत नाही म्हटल्यावर मेंदूला त्याचा एकच अर्थ लागतो, वरून कुणीतरी दाबतंय. मग अजून भीती, अजून जोर, अजून दाब. म्हणजे उरावर जो बसलेला असतो त्याला वजन आपणच देत असतो. हे वाचलं त्या दिवशी मी गादीवर पडून पोटावर हात ठेवून बराच वेळ नुसता श्वास बघत बसलो होतो, पार्टनरला वाटलं मला पोटात दुखतंय.

आणि ते कुणीतरी आल्याचं जे कळतं, त्याची पण गंमत आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी फेफऱ्याच्या एका पेशंट मुलीच्या मेंदूला, डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात, विजेचा बारीक झटका दिला, ऑपरेशनआधीच्या तपासणीचा भाग म्हणून. तिला लगेच जाणवलं की आपल्या मागे कुणीतरी आहे, सावलीसारखं. ती बसली की ते बसायचं, ती पडली की तेही पडायचं. करंट बंद केला की गायब. म्हणजे "मी कुठे आहे, माझं अंग कुठे आहे" याचा हिशोब ठेवणारी जी जागा आहे तिचा हिशोब चुकला की आपलीच एक कॉपी बाहेर उभी राहते. स्लीप पॅरालिसिसमध्ये असंच काहीतरी होत असावं असं काही संशोधक म्हणतात, अजून ते पूर्ण सिद्ध झालेलं नाही, पण मला पटतं, कारण माझा काळा माणूस माझ्याच उंचीचा होता. त्यात रेममध्ये मेंदूतलं भीतीचं केंद्र जोरात चालू असतं. आधी भीती तयार होते आणि मग मेंदू तिच्यासाठी माणूस शोधतो. काही जणांना मात्र भीतीच्या जागी तरंगल्यासारखं, शरीराबाहेर उडाल्यासारखं वाटतं, आमच्या लाइनवरच्या एकाला तर ते आवडतं. नशीबवान.

माणूस कुठला शोधायचा हे मात्र गावावर अवलंबून. आमचा मुंजा, दुसरीकडे हडळ, समंध, खवीस. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, धातूने करकचून बांधल्यासारखं. तुर्कस्तानात काराबासान, म्हणजे काळा दाबणारा, हे वाचून मी जरा दचकलोच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी येऊन बसते. ब्राझीलमध्ये पिसादेइरा नावाची लांब नखांची म्हातारी आहे, ती छपरावर बसून बघत असते, आणि पोटभर जेवून उताणं झोपलेल्याच्या छातीवर येऊन नाचते. आमच्या आजीने ब्राझील नकाशावर पण बघितलेलं नाही, पण उताण्याचं दोघींनाही माहीत! इंग्रजीतला नाइटमेअर शब्द आहे ना, त्यातली मेअर म्हणजे घोडी नाही, छातीवर बसणारी जुनी भुताळीच आहे ती. १७८१ मधलं हेन्री फ्युसेलीचं गाजलेलं चित्र आहे, झोपलेल्या बाईच्या छातीवर एक बुटकं सैतानी ध्यान बसलंय आणि पडद्यातून घोडीचं तोंड डोकावतंय. बाई बघा कशी झोपलीये. उताणी.

१६६४ मध्ये हॉलंडमधल्या फान डीमरब्रुक नावाच्या डॉक्टरने पन्नाशीच्या एका बाईची केस लिहून ठेवलीये, तिला कधी सैतान अंगावर पडलाय असं वाटायचं, कधी मोठा कुत्रा, कधी चोर. स्लीप पॅरालिसिस हे नाव यायला मग १९२८ उजाडलं. म्हणजे मधली अडीचशे-पावणेतीनशे वर्षं भूत तेच, नाव नाही. नाव मिळाल्याने काय फरक पडतो? बराच पडतो. बालंद जलाल नावाच्या डॅनिश संशोधकाने इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली, तर इजिप्तमध्ये जिथे बरेच लोक याला जिन्न समजतात तिथे मरणाची भीती कितीतरी जास्त, आणि अंग आखडून राहण्याचा वेळ पण जास्त. त्याला स्वतःला हा त्रास होता म्हणे.

त्यानेच एक पद्धत सुचवलीये जी मी माझ्या भाषेत सांगतो. झालं की आधी मनात म्हणायचं, हे तेच आहे, याने कुणी मरत नाही. मग त्या आकृतीकडे बघायचं नाही, मन एखाद्या चांगल्या गोष्टीवर ठेवायचं, मी आमच्या विहिरीवर पोहायला शिकलो ती दुपार धरतो, आजी मारुतीचं स्तोत्र म्हणते, माझ्या मते एकच. आणि हलायला जायचं नाही, श्वास ओढायला तर अजिबात नाही. हे सगळ्यात अवघड. बुडणाऱ्या माणसाला हात मारू नको सांगण्यासारखं. पण पोहायला शिकताना तरी दुसरं काय सांगतात, अंग सैल सोड, पाणीच वर आणेल. काही जण पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करतात आणि सुटतात, मला ते जमलं नाही.

बाकी रोजचं म्हणाल तर कुशीवर झोपणं, झोपेची थकबाकी होऊ न देणं, थर्डच्या आठवड्यात निदान रोज त्याच वेळेला झोपणं. मी आता मोबाईल चार्जिंगला लांब लावतो आणि आठला आडवा होतो, त्यानेच बराच फरक पडला. वर्षातून दोन-चारदा होत असेल तर एवढं पुरतं. पण आठवड्यातून अनेकदा होत असेल, दिवसा बोलता बोलता झोप लागत असेल, किंवा तो हसल्यावर गुडघे जाण्याचा प्रकार असेल, तर नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्याला औषधं आहेत, तेव्हा मांत्रिकाकडे पैसे घालवण्याआधी डॉक्टरकडे जा. झोपेच्या भीतीने झोपच टाळणारे लोक पण असतात, मी पहिल्या महिन्यात तेच करत होतो, आणि जितकं जागाल तितकं ते जास्त येतं.

मागच्या महिन्यात परत आला. झोपेत सरळ झालो असणार. घुंऽऽ सुरू झालं, दाराकडून तो आला, कपाटाजवळ उभा राहिला. भीती वाटली का? वाटली, छाती धडधडली, कितीही वाचलं तरी ती वाटतेच. पण श्वास ओढला नाही. पोट आपलं वरखाली होतंय तिकडे लक्ष ठेवलं. तो तिथेच उभा राहिला, पुढे आलाच नाही. वरच्या मजल्यावर कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली, आणि तिसरीला माझा हात हलला. कूस बदलली आणि झोपलो परत, चारला उठलो.

आजीला सांगितलं तर तिने सगळं ऐकून घेतलं, रेम, ब्रेक, डायफ्राम सगळं, मग विचारलं, "अडकित्ता हाय न्हवं उशाखाली?" आहे म्हटलं. म्हणजे आहे, पण पार्टनर सुपारी कातरायला नेतो आणि परत ठेवायला विसरतो.